मधल्या वयाच्या शेपट्या

आमच्या महाविद्यालयात सत्कार फार होतात. कोणी परदेशी जाऊन आलं की होतो, कोणाचा जायचा बेत रद्द झाला तर सांत्वनपर होतो, आणि अगदीच काही कारण नसलं तर गुणवंतांचा म्हणून होतो. त्यामुळे इथल्या प्रत्येक प्राध्यापकाच्या कपाटात शालींचा एक गठ्ठा असतो. त्या पांघरण्याइतक्या उबदार नसतात आणि टाकून देण्याइतक्या फाटक्याही नसतात.

प्राणिशास्त्राच्या भोयर मॅडमनी मात्र आपल्या शालींना कामाला लावलं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकीलगत काचेच्या टाक्या होत्या आणि दुपारचं ऊन अडवायला प्रत्येक टाकीवर एक शाल. संस्थेचे अध्यक्ष एकदा फिरत फिरत तिथे आले आणि एका टाकीपुढे थबकले.

"ही शाल आम्हीच दिलेली दिसते."

"हो जी," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात जाड आहे. म्हणून तिच्याखाली सगळ्यात लहान ठेवले."

अध्यक्षांना हा आपला गौरव की अपमान हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

माझा विषय मराठी. स्टाफरूमचं छत गळायला लागलं तेव्हा आमच्या विभागाचं टेबल तात्पुरतं म्हणून प्राणिशास्त्राच्या व्हरांड्यात आणलं होतं. ते अजून तिथेच आहे. त्यामुळे भोयर मॅडमना मी काही वर्षं रोज पाहिलं: ठेंगणी बांधणी, खोचलेली सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा आणि हातात रुंद तोंडाची लोणच्याची बरणी. बरणीत लोणचं कधीच नसायचं.

त्यांचा विषय सांगायला सोपा होता. बेडकाच्या पिल्लाची शेपटी कापली तर ती पुन्हा वाढते. कशी वाढते? पाठ्यपुस्तकात या पिल्लाला भैकेर म्हणतात, पण हा शब्द परीक्षेबाहेर कोणी उच्चारलेला मी ऐकला नाही. मॅडम त्यांना 'पोट्टे' म्हणायच्या. विद्यार्थ्यांनाही त्या पोट्टेच म्हणायच्या, त्यामुळे "आज दोन पोट्टे दगावले" असं सांगत त्या व्हरांड्यातून गेल्या की नवीन माणूस दचकून उभा राहायचा.

पिल्लं यायची कूलरमधून. पाऊस सुरू झाला की नागपूरकर कूलर बंद करतो, पण त्यातलं पाणी काढायचं दिवाळीपर्यंत त्याच्या मनात येत नाही. तेवढ्यात झाडावरचा बेडूक येऊन कूलरच्या आतल्या भिंतीला साबणासारख्या फेसाचा गोळा चिकटवतो. अंडी त्या फेसात असतात. काही दिवसांनी पिल्लं खालच्या पाण्यात टपटप पडतात. इतर विभागांत पावसाळ्यात हजेरी गळते. मॅडमच्या वर्गात आधी कूलरची हजेरी व्हायची. "कोणाच्या घरी फेस आला गा? तुह्या घरी नाही? मागच्या वर्षी तं आलता!" ज्याच्या घरी फेस नाही तो पोरगा ओशाळायचा.

सकाळी त्या पालकाच्या दोन जुड्या आणायच्या. एक उकडून टाक्यांत जायची, दुसरी त्यांच्या डब्यात. मी एकदा विचारलं, दोन्हींत फरक काय? "माह्यात मीठ आहे," त्या म्हणाल्या. पाण्याबाबत त्या याहून कडक होत्या. नळाचं पाणी बादल्यांत उघडं ठेवून दोन दिवस त्यातलं क्लोरिन उडू द्यायचं आणि मगच टाकीत घालायचं. त्या बादल्यांना हात लावायची सोय कोणालाच नव्हती. अध्यक्षांना शालीबद्दल उत्तर मिळालं. बादलीबद्दल विचारलं असतं तर मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं असतं.

ब्लेडच्या बाबतीतही तसंच. रश्मी नावाच्या एका विद्यार्थिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, दुखत असन का त्यायले?"

"असन," मॅडम म्हणाल्या. "आपल्याले माहीत नाही, म्हणून असन असंच धरून चालाचं. आधी गुंगीच्या पाण्यात ठेवाचं. अन् मनात प्रश्न नसन तं ब्लेडले हात नाही लावाचा. तुह्या मनात काय प्रश्न आहे, सांग."

रश्मीनं पुढचे काही दिवस नुसता पालक उकडला. प्रश्न घेऊन आली तेव्हा तिला ब्लेड मिळालं.

विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी प्राचार्यांनी सुचवलं होतं की पाहुण्यांसमोर शेपटी कापून दाखवावी, लोकांना फार आवडेल. मॅडम म्हणाल्या, "लोकायले तं काहीही आवडते सर." आणि त्यांनी शेपटी परत आलेलं एक पिल्लू तेवढं मांडून ठेवलं. गर्दी शेजारच्या ज्वालामुखीपुढे झाली. त्यात खाण्याचा सोडा होता.

कापल्यावर काय होतं ते त्यांनी मला भिंगातून दाखवलं होतं. एखाद्या दिवसात कातडी जखमेवर सरकते. तिच्याखाली पेशींचा लहानसा ढीग जमतो, आणि त्यातून मज्जारज्जू, त्याखालचा लवचिक आधाराचा दोर, स्नायू, सगळं जागच्या जागी पुन्हा उभं राहतं. आठवड्या-दोन आठवड्यांत नवी शेपटी तयार. आधीच्यापेक्षा निमुळती आणि काचेसारखी आरपार. पुढे पिल्लाला पाय फुटतात, आणि बेडूक होता होता ते आपली अख्खी शेपटी स्वतःच विरघळवून टाकतं.

मला यात साहित्यिक मजा वाटली. म्हटलं, "जी शेपटी जाणारच आहे, ती परत वाढवायचा एवढा खटाटोप कशाला?"

"सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तवपर्यंत पोहाचं नाही का त्यानं?"

यानंतर मी त्या विषयावर साहित्यिक बोललो नाही.

मॅडमना या सगळ्यात एक गोष्ट सापडली होती, आणि तिनंच त्यांची शेवटची काही वर्षं व्यापली. अगदी लहान पिल्लाची शेपटी वाढते. मोठ्या पिल्लाचीही वाढते. पण मधे थोडे दिवस असे येतात की कापलेली जागा छान भरून येते, गोल होते आणि तिथेच थांबते. ते वय सरलं की शक्ती परत येते. आफ्रिकेतल्या एका बेडकात असं घडतं हे जगाला ठाऊक होतं. आपल्या कूलरमधल्या बेडकातही घडतं, असं मॅडमचं म्हणणं. त्यांनी तसा निबंध एका नियतकालिकाकडे पाठवला. उत्तर आलं की मधल्या पिल्लांची निगा नीट राखली गेली नसावी, आणि म्हणून त्यांच्या शेपट्या वाढल्या नसाव्यात.

संशोधनाच्या जगात हे सभ्य वाक्य आहे. मॅडम कळमेश्वरजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरात वाढल्या होत्या. त्या घरात बैलाच्या आधी कोणी जेवत नसे. त्यांना ते सभ्य वाटलं नाही.

"म्हणते, पोट्ट्यायले सांभाळता नाही आलं," त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या. "मले!"

त्यांनी वाद घातला नाही. प्रयोग बदलला. एकाच घरट्यातली भावंडं घ्यायची, एकच पाणी, एकच पालक. फक्त कापायचं वय वेगळं. पाणी खराब असेल तर कोणाचीच वाढणार नाही. लहानांची वाढली, मोठ्यांची वाढली आणि मधल्यांचीच थांबली, तर दोष निगेचा नाही. एवढं दाखवायचं होतं. आणि हाताशी एकच पावसाळा होता, तोही अर्धा, कारण जुलैअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

इथे त्यांची एक पद्धत सांगायला हवी. निकाल पाहायची वेळ आली की त्या स्वतः आधी पाहत नसत. टाक्यांवरच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवायचा, टाक्यांची अदलाबदल करायची आणि मला बोलवायचं. मी भिंगातून पाहून कोणत्या टाकीत शेपटी आहे, कोणत्या टाकीत नाही, तेवढं सांगायचं.

"मीच का?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"मी पाह्यलं तं मले पाह्यजे तेच दिसन. तुम्हाले यातलं काही समजत नाही नं, म्हणून तुम्ही."

मराठी विभागाचा विज्ञानाला झालेला हा एकमेव उपयोग असावा.

त्या जुलैत एक समिती यायची होती, महाविद्यालयाला दर्जा देणारी. कुंड्या भाड्यानं आल्या. जिन्याच्या भिंतीवर सुविचार लिहिले गेले, आणि सौंदर्यीकरण उपसमिती नावाची एक गोष्ट स्थापन होऊन मजल्या-मजल्यावरून फिरू लागली. रविवारी ती प्राणिशास्त्रात पोचली. मॅडम भाचीच्या साखरपुड्यासाठी कळमेश्वरला गेल्या होत्या. उपसमितीला टाक्यांत हिरवट पाणी दिसलं आणि खाली उघड्या बादल्यांत शिळं. प्रयोगशाळेचा परिचर वासुदेव नुकताच दुसऱ्या विभागातून बदलून आला होता. त्याला हुकूम झाला.

सोमवारी मॅडमनी पहिली शाल उचलली. पाणी झऱ्यासारखं स्वच्छ होतं. तळाशी रंगीत खडे, वर एक प्लास्टिकचं कमळ, आणि खड्यांवर पिल्लं पडलेली, पांढरी पोटं वर. त्यांनी दुसरी शाल उचलली. मग सगळ्या.

"वासुदेव, नळाचं भरलं का सरळ?"

"हो मॅडम. साहेब म्हणे पाणी चकाचक दिसलं पाह्यजे. टाक्या बी घासल्या, पावडर टाकून." त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "काहून? काही चुकलं का?"

"तुले कोणी सांगतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी सांगाले पाह्यजे होतं."

त्यांनी पिल्लं जाळीनं काढून कागदात गुंडाळली आणि मागच्या आवारात पुरली. परत येताना माझ्या टेबलाशी क्षणभर थांबल्या. "कापलेली होती नं त्यातली," एवढंच म्हणाल्या. "फुकट कापली."

समिती आली. नव्या सभागृहात तिचं स्वागत झालं, जेवण झालं, आणि आमच्या मजल्यावर कोणी चढलंच नाही.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या तेव्हा मी सही घ्यायला तिथेच बसलो होतो. प्राचार्य मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, आता किती दिवस राहिलेत? निरोप असा देऊ की शहर पाहत राहील."

"निरोप राहू द्या सर. पावसाळाभर खोली द्या."

"ते नियमात बसत नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांच्या 'बरं'चा अर्थ मान्य असा कधीच नसे. त्याच संध्याकाळी मी माझ्या स्कूटरवर त्यांना घेऊन जरीपटक्याच्या बाजारात होतो.

"टब चाहिए, माताजी?" प्लास्टिकवाल्यानं विचारलं. "शादी है क्या घर में?"

"शादी नही. मेंढक के बच्चे रखने है."

दुकानदारानं एक टब खाली काढला. "ढक्कनवाला दूँ?"

"बिना ढक्कन का. सब सफेद, सब एक साइज."

त्यानं पांढऱ्यांत दोन गुलाबी मिसळले. मॅडमनी ते बाजूला काढले. तो म्हणाला, "अरे मॅडम, मेंढक के बच्चे को रंग से क्या फरक पडता?"

"पडा तो मेरे को कैसे समजेगा?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं गोदामातून पांढरे आणले.

मॅडमचं घर वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांच्या मागे. ट्रक दिवसभर वळत असतात, आणि ट्रक वळला की त्यांच्या मांडणीतले पेले किणकिणतात. त्यांच्याच कूलरमध्ये त्या आठवड्यात फेस आला. पिल्लं पाण्यात पडली, टब पडवीत मांडले गेले, त्यांच्यावर मच्छरदाणीची जाळी आली आणि जाळीवर शाली. मग नगरपरिषदेच्या फवारणी पथकातली एक मुलगी आली, मनीषा नावाची.

"मावशी, साचलेलं पाणी ओतावं लागते. डेंग्यू होऊन राहिला सगळीकडे."

"बरोबर आहे वं बाई तुह्यं. जाळी उचल. मच्छराची एक अळी दाखव, मी स्वतः ओतते."

मनीषानं बॅटरी लावून एकेक टब पाहिला. तिचं कामच ते, आणि ती ते चोख करत होती. अळी सापडली नाही. "मंग हे काय आहे?"

"बस, सांगते."

ती चहा घेऊन गेली. जाताना म्हणाली, कुठे असा फेस दिसला तर ओतायच्या आधी फोन करीन.

निरोप समारंभ महिन्याच्या शेवटच्या दिवशी ठेवला होता. लहान पिल्लांच्या शेपट्या आधीच कापून झाल्या होत्या. मधलं वय नेमकं त्याच दिवशी येऊन ठेपलं होतं. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर ते निसटायची भीती होती. मॅडमनी प्राचार्यांना आधीच सांगितलं होतं की मी दुपारपर्यंतच थांबू शकेन. प्राचार्यांनी तो विनय समजला.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. मुक्या प्राण्यांवरची माया, गुरूचं ऋण, संस्थेचा वटवृक्ष असं करत ते स्वतःच्या बालपणापर्यंत पोचले, आणि तिथे बराच वेळ रमले. मॅडम घड्याळ पाहत होत्या. मग उठल्या, अध्यक्षांपाशी गेल्या आणि हळू आवाजात बोलल्या. माईक मात्र चालू होता.

"साहेब, तुम्ही बोला. मले जावं लागते. पोट्ट्यायचं वय निघून जाईन."

सभागृहात बसलेल्या पालकांनी आपापल्या मुलांकडे पाहिलं. प्राचार्य शाल घेऊन दारापर्यंत धावले. मॅडमनी ती घेतली. "द्या. एक टब उघडा आहे."

अध्यक्ष पुढे अर्धा तास बोलले. सत्कारमूर्ती नसल्यानं भाषणाचं काही अडलं नाही.

मोठ्यांचं वय आलं, त्यांच्याही शेपट्या कापून झाल्या, आणि ऑगस्ट सरता सरता एका रविवारी मला बोलावणं आलं. वासुदेवही आला होता. त्या सोमवारनंतर तो दर रविवारी येऊन पाणी बदलत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं चिठ्ठ्यांवर कागद चिकटवले, टब हलवले. मॅडम आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मी भिंग घेतलं. पहिल्या टबात शेपट्या होत्या, काचेसारख्या. "आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या टबापाशी मला वेळ लागला. एक पिल्लू, दुसरं, तिसरं. सगळी खाऊनपिऊन टुणटुणीत, आखूड बुंधा हलवत धडपडत पोहत होती. जखम भरलेली, गोल, गुळगुळीत. पुढे काही नाही.

"सर, बोला नं."

"नाही," मी म्हटलं. "एकाचीही नाही."

तिसऱ्या टबात शेपट्या होत्या, थोड्या लहान, पण होत्या. मी तसं सांगितलं.

"वासुदेव, काढ कागद. दुसरा टब कोणता?"

वासुदेवनं कागद सोलला. "मधले, मॅडम."

बाहेर एक ट्रक वळला, पेले किणकिणले.

"सर, चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहा."

मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तेच होतं. तेव्हा कुठे त्या वळल्या, टबाशी येऊन उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ स्वतः पाहत राहिल्या. मग आत जाऊन चहा ठेवला. तो उतू गेला. "निगा नव्हती राखली म्हणते," असं त्या चहाच्या पातेल्याला म्हणाल्या.

मला वाटलं, आता पेढे. मी तसं बोललोही.

"एका घरट्यानं काय होते सर? त्या एकाच मायबापाची पोरं तशी असतीन. दुसरं घरटं पाह्यजे." आणि चिंता त्यांच्या चेहऱ्यावर परत आली, कारण पाऊस ओसरायला लागला होता आणि आसपासच्या कूलरांत नवा फेस दिसत नव्हता.

मनीषाचा फोन चहा संपायच्या आतच आला. नंदू टायरवाल्याकडच्या एका टायरमध्ये फेस आहे. ओतू की थांबू?

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या घरट्यानंही तेच सांगितलं. निबंध छापून आला; त्यांनी मला एक प्रत दिली, ती मला शीर्षकापर्यंत समजली. मॅडम आता कळमेश्वरला बहिणीजवळ राहतात आणि आमची गाठ फोनवरच पडते. पण त्यांचं नाव निघालं की मला ती रविवारची संध्याकाळच दिसते.

नंदूच्या दुकानापुढे टायरांची रास होती. मॅडम साडी खोचून तिच्या मधोमध उभ्या होत्या, एका उभ्या टायरवर हात ठेवून. टायरच्या पोटात पावसाचं पाणी होतं आणि पाण्याच्या वर, आतल्या कडेला, मूठभर फेस.

"मॅडम, हा टायर उद्या सकाळी गाडीले लावाचा हाय," नंदू काकुळतीला आला होता. "गाडी माल भरून उभी हाय."

"परवा लाव."

"परवा काहून?"

"उद्या हे खाली पडतीन. पडले का मी घेऊन जाते, टायर तुहा."

"अन् ती पार्टी माह्या नावानं बोंबलन, तिले काय सांगू?"

"नंबर दे. मी बोलते."

नंदूनं नंबर दिला. मी निघायला स्कूटर सुरू केली. मागून मॅडमचा आवाज येत होता, वर्गात यायचा तसाच, न घाई, न आर्जव: "नमस्कार जी. मी भोयर मॅडम बोलते, वाडीवरून. तुमच्या गाडीले एक दिवस उशीर होणार आहे. काहून ते सांगते. बसले आहात नं?"